खर्जाची पेटी निवडतांना

मिरजेस तंबोरा घ्यावयास गेलेला जाणता गृहस्थ भोपळ्याची चकाकी किंवा दांडीवरील नक्षी पाहत बसत नाहीं. तो चारी तारा जुळवून घेतो, शेवटची पितळेची जाड तार छेडतो आणि डोळे मिटतो. खर्ज भरतो कीं नाहीं, एवढेंच त्याला पाहावयाचें असतें. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. त्या मानाचा निम्मा वाटा तरी, आमच्या मतें, या एका तारेचा आहे. परंतु सांगली-साताऱ्याकडील हेच चोखंदळ गृहस्थ यंत्रांतून गाणें ऐकण्याची सोय घरीं करूं लागले म्हणजे कान बाजूस ठेवून खोक्यावर छापलेले वॅटचे आंकडे वाचतात, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. ज्या वस्तूचें कामच मुळीं खर्ज भरण्याचें, ती वस्तु घेतांना तरी तंबोरा पारखण्याची बुद्धि सोडूं नये, म्हणून हा लेख.

दुकानांत ‘सबवूफर’ या नांवानें जी जड, चौकोनी, बहुधा काळ्या रंगाची पेटी मिळते, ती निव्वळ खालच्या स्वरांकरितां केलेला ध्वनिक्षेपक होय. तिला आम्ही यापुढें खर्जपेटी म्हणूं. ‘पॉवर्ड’ म्हणजे जिच्या पोटांतच ध्वनिवर्धक बसविलेला आहे आणि जी स्वतःची वायर भिंतींतील खोबणींत लावून स्वतःच्या बळावर चालते, ती. दुसऱ्या जातीच्या पेटीस बाहेरचा ध्वनिवर्धक लागतो. ती कितीहि स्वस्त पडली तरी घरगुती उपयोगासाठीं तिच्या वाटेस जाऊं नये. जुन्या ध्वनिवर्धकावर दोन नेहमींच्या कर्ण्यांचा भार अगोदरच असतो. त्याच्या डोक्यावर हें तिसरें ओझें कशाला द्या?

आतां खर्ज म्हणजे नेमका किती खालचा, हें पाहिलें पाहिजे. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा धरला, तर त्याचीं कंपनें सेकंदास सुमारें १३९ होतात, आणि त्याच्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचीं त्याच्या निम्मीं, म्हणजे ६९. काळी पांचमध्यें गाणाऱ्या स्त्रीच्या तंबोऱ्याचा खर्ज ११७ च्या घरांत पडतो. डग्ग्याचा घुमारा शंभराच्या आंतबाहेर असून मनगट दाबून मींड काढली म्हणजे तो खालींवर सरकतो. आपल्या संगीतांत याच्या फारसें खालीं जावें लागत नाहीं. पाश्चात्य पियानोची अगदीं डावीकडची पट्टी मात्र २७.५ कंपनांची असते, आणि मोठ्या चर्चमधील ऑर्गनच्या सोळा फुटी नळीचा स्वर ३३ च्या जवळपास. मनुष्याचा कान २० पर्यंत पोंचतो असें शास्त्रज्ञ मानतात. त्याखालचें कानापेक्षां छातीसच अधिक कळतें. १९७४ सालीं अमेरिकेंत भूकंपावर एक चित्रपट निघाला, त्या वेळीं प्रेक्षकांस खुर्चींत धरणीकंप भोगावयास मिळावा म्हणून चित्रपटगृहांतून प्रचंड खर्जपेट्या मुद्दाम बसविण्यांत आल्या होत्या. हल्लींच्या चित्रपटांत तर स्फोट, गडगडाट वगैरेंसाठीं ध्वनीचा एक निराळा पट्टाच राखून ठेवलेला असतो, आणि ‘पांच पूर्णांक एक’ या दुकानी भाषेंतील तो ‘एक’ म्हणजे हाच.

टेबलावर किंवा कपाटांत मावणाऱ्या लहान कर्ण्यांचा पडदा पांच इंचांचा असतो. ते साठाच्या आसपास दम टाकतात, व कांहीं तर त्याच्याहि पुष्कळ अगोदर. त्यांत कारागिराची लबाडी नाहीं. निसर्गाचा हिशेबच तसा आहे. एक सप्तक खालीं उतरून तितक्याच जोराचा ध्वनि काढावयाचा तर चौपट हवा हलवावी लागते. दोन सप्तकें उतरलें तर सोळापट. एवढी हवा हलविण्यास एक तर पडदा मोठा हवा, नाहीं तर त्याची पुढेंमागें होण्याची झेप मोठी हवी. म्हणून खर्जपेटीचा पडदा आठ, दहा, बारा इंचांचा करतात.

येथें एक शंका साहजिकच निघेल. लहान रेडिओवर किंवा हातांतल्या फोनवरहि तंबोऱ्याचा खर्ज आपल्याला ओळखूं येतो, तो कसा? याचें उत्तर फार गमतीचें आहे. तंबोऱ्याच्या जवारीमुळें खर्जाच्या तारेंतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुपटीचे, तिपटीचे, चौपटीचे असे उपस्वर मोठ्या प्रमाणांत उमटतात. मूळ स्वर यंत्रानें गाळला तरी या उपस्वरांचें परस्परांतील अंतर कायम राहतें, आणि त्यावरून मेंदू गळलेला स्वर आपल्या पदरचा घालून पुरा करतो. म्हणजे ज्या घरीं मुख्यतः ख्याल आणि नाट्यगीतें ऐकलीं जातात त्या घराचें खर्जपेटीवांचून अडत नाहीं, हें आम्ही प्रथमच सांगून टाकतों. ती घेतली तर तंबोरा खोलींत ठेवल्यासारखा वाटूं लागतो आणि डग्ग्यास अंग येतें. हा लाभ लहान नव्हे. परंतु तो लाभ आहे, गरज नव्हे. आहेत ते मुख्य कर्णेच जर सुमार असतील, तर पहिला पैसा तिकडे घालावा. गळा नीट ऐकूं येत नसतां खर्ज भरीत बसणें म्हणजे घराला पाया नाहीं आणि तळघर खणावयास घेतलें, तशांतला प्रकार.

दुसरी गोष्ट जुन्या ध्वनिमुद्रिकांची. अब्दुल करीमखांसाहेबांचा या भागाशीं संबंध सर्वांस ठाऊक आहे. त्यांचें वास्तव्य मिरजेस होतें, १९३७ सालीं ते वारले, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत त्यांची कबर आहे. तेथें उरुसाच्या वेळीं गवई अद्याप हजेरी लावतात. त्यांच्या किंवा बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका अधिक भरदार ऐकूं याव्यात म्हणून कोणी खर्जपेटी घेणार असेल, तर त्यानें तो विचार सोडावा. १९२५ पूर्वीं विजेवांचून ध्वनिमुद्रण होत असे. गवई कर्ण्यांत तोंड घालून गात आणि त्या जोरानेंच सुई मेणावर रेघ ओढी. या रीतींत दोनशें-अडीचशें कंपनांच्या खालचें फारसें उमटतच नसे. पुढें मायक्रोफोन आला तेव्हां परिस्थिति पुष्कळ सुधारली, तरी त्या काळच्या तबकड्यांत तळाचा खर्ज बेताचाच आहे. जें मुळांत मुद्रितच झालें नाहीं तें पेटी कोठून आणणार? ती आणील तबकडीच्या चकतीची घरघर, मोटरीची हुरहुर आणि विजेचा गुणगुणाट; आणि हें सारें खांसाहेबांच्या कोमल आवाजाच्या खालीं अंथरून ठेवील. अशा मुद्रिका लावतांना खर्जपेटीचें बटण सरळ बंद करावें, हेंच उत्तम.

हा सर्व विचार करूनहि जे घेणारच, त्यांच्यासाठीं आतां पारखण्याचें बोलूं.

वॅटच्या आंकड्यांनीं दिपून जाऊं नये. खोक्यावर ‘पी. एम. पी. ओ.’ या अक्षरांपुढें हजारांचे आंकडे असतात ते क्षणमात्रही खरे मानण्याचें कारण नाहीं. ‘आर. एम. एस.’ वॅट किती, हें विचारावें. विक्रेत्यानें टाळाटाळ केली तर दुकान बदलावें. बारा-चौदा फुटांच्या खोलीस शंभर खरे वॅट आणि आठ किंवा दहा इंचांचा पडदा आम्हांस पुष्कळ वाटतो. शंभराऐवजीं दोनशें वॅट घेतले तर आवाज दुप्पट होतो असा समज आहे, तो चुकीचा आहे. दुप्पट शक्तीनें तीनच डेसिबल वाढतात, आणि तेवढा फरक कान जेमतेम टिपतो. आवाज दुप्पट वाटावयास शक्ति सुमारें दसपट लागते. म्हणून जास्तीच्या वॅटसाठीं मोजलेले पैसे बहुतेक वाऱ्यावर जातात.

पेटी दोन प्रकारची असते. एक चोहोंकडून बंद आणि दुसरी अंगास नळीचें भोंक असलेली. घागरीच्या तोंडावरून फुंकर घातली म्हणजे तिच्या आकाराप्रमाणें एक ठराविक स्वर घुमतो. भोंकाची पेटी याच तत्त्वावर त्या ठराविक स्वराच्या आसपास थोड्या शक्तींत मोठा आवाज देते, मात्र त्याच्या खालीं तिचा आवाज एकदम कोसळतो. बंद पेटी इतकी घुमत नाहीं. तिचा उतार सौम्य असतो, आणि नाद उठल्यावर तो थांबतोहि लौकर. चित्रपट पाहणाऱ्या घरानें भोंकाची घ्यावी; तबला, पखवाज व तंतुवाद्यें ऐकणाऱ्यानें बंद पेटी घ्यावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. डग्ग्यावर ‘घे’ वाजून हात उचलला गेला तरी पेटी घुमतच राहिली, तर लय लडबडते. शिवाय साताऱ्याच्या जुन्या पेठांतील वाड्यांतून उंदरांचा सुळसुळाट कमी झालेला नाहीं, आणि असें उबदार भोंक त्यांना बिळासारखेंच वाटतें, हाहि विचार गृहिणींनीं करावा.

पेटीच्या मागील बाजूचीं जोडणीचीं ठिकाणें विकत घेण्यापूर्वीं पाहून घ्यावींत. पुष्कळ घरीं वीस-तीस वर्षांचा जुना, परंतु उत्तम ध्वनिवर्धक असतो; त्याला खर्जपेटीसाठीं निराळी वाट दिलेली नसते. अशांनीं कर्ण्यांच्याच तारा जिला जोडतां येतात, म्हणजे जिला ‘हाय लेव्हल’ जोडणी आहे, तीच पेटी घ्यावी. दुसरें, पुष्कळ पेट्या आवाज नसला म्हणजे आपोआप निजतात आणि आवाज आला म्हणजे जाग्या होतात. ही सोय विजेच्या काटकसरीची खरी. पण आपल्या गाण्यास ती फार जाचक आहे. रात्रीं हलक्या आवाजांत विलंबित आलाप चालला असतां पेटी झोपूनच राहते आणि तबल्याचा ठेका पडतांच दचकून उठते. ज्या पेटीस ‘कायम चालू’ असें बटण असेल तीच पसंत करावी.

तीन पायांचा प्लग मात्र कापूं नये. दोन यंत्रें निरनिराळ्या खोबणींतून जोडलीं म्हणजे त्यांच्या जमिनीच्या तारांतून फेरा पूर्ण होऊन पन्नास कंपनांचा अखंड हुंकार निघूं लागतो, आणि तो घालविण्यासाठीं कांहीं वायरमन मधला जाड पाय खुशाल तोडून टाकण्याचा सल्ला देतात. हा सल्ला जिवावर बेतणारा आहे. दोन्ही यंत्रें एकाच फळीवरून जोडून पाहावींत. बहुतेक वेळां हुंकार जातो.

आतां सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणजे खोली. पेटी कितीहि भारी घेतली तरी निम्मा खर्ज खोली वाजविते, हें दुकानदार सांगत नाहीं. हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ११३० फूट जातो. आपल्या खोलीची लांबी फुटांत घेऊन तिची दुप्पट करावी आणि त्या आंकड्यानें ११३० स भागावें. जें उत्तर येईल त्या कंपनांचा स्वर त्या खोलींत गरजेपेक्षां अधिक घुमतो. चौदा फूट लांबी असेल तर ४०, दहा फूट रुंदी असेल तर ५६. खोली बारा बाय बारा अशी चौरस असली, तर लांबी आणि रुंदी दोहोंचें उत्तर ४७ च येऊन एकाच स्वराचा दुप्पट गोंगाट होतो. म्हणून घरांत निवड करतां येत असेल तर चौरस खोली टाळावी. याच हिशेबांत आणखी एक खुबी आहे. हा घुमणारा स्वर भिंतींपाशीं सर्वांत मोठा आणि दोन भिंतींच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहींसा असतो. एकाच खोलींत भिंतीशीं लोडास टेकून बसलेले आजोबा ‘फार धडधडतें आहे’ म्हणतात आणि मध्यें सतरंजीवर बसलेला नातू ‘कांहींच ऐकूं येत नाहीं’ म्हणतो, तेव्हां दोघेहि खरेंच बोलत असतात!

पेटी ठेवण्याची जागा शोधण्याची एक रीति फार उपयुक्त आहे, जरी ती पाहून घरांतलीं मुलें हंसल्याशिवाय राहणार नाहींत. आपण नेहमीं जेथें बसून ऐकतों त्या जागीं पेटी ठेवावी, डग्ग्याचें किंवा खर्जांतल्या आलापाचें मुद्रण लावावें, आणि स्वतः गुडघ्यांवर रांगत भिंतींच्या कडेनें कान खालीं ठेवून ऐकत जावें. जेथें प्रत्येक स्वर सारखा आणि स्वच्छ ऐकूं येईल तेथें पेटी आणून ठेवावी व आपण आपल्या जागेवर परत बसावें. कोपऱ्यांत आवाज सर्वांत मोठा होतो, आणि तेथेंच घुमाराहि सर्वांत अधिक. देवघराच्या कोपऱ्यांत पेटी ठेवून घंटा आपोआप किणकिणूं लागल्याचें पाहावयाचें असेल, तर गोष्ट वेगळी.

साताऱ्याकडील दगडमातीच्या जाड भिंतींचा वाडा आणि सांगलींत विश्रामबागेकडील सिमेंटची इमारत यांत या बाबतींत मोठें अंतर आहे. जाड भिंती खर्ज बाहेर सोडीत नाहींत व गिळीतहि नाहींत. वाड्यांत तो खर्ज माडीची तक्तपोशी आणि छताच्या फळ्या थोडा थोडा शोषून घेतात. म्हणून जुन्या माडीवर गाणें गोड लागतें. पण त्याच फळ्या थरथरल्या म्हणजे फडताळांतील बरण्या वाजूं लागतात. अशा माडीवर पेटीखालीं रबराचे जाड तुकडे घालून त्यांवर शहाबादी फरशी ठेवावी व फरशीवर पेटी बसवावी. सिमेंटच्या इमारतींत शोषणारें कांहींच नसतें, आणि खांब व स्लॅब यांतून कंप चार बिऱ्हाडांपर्यंत जातो. पुस्तकांचीं भरलेलीं कपाटें आणि जाड गाद्या यांनीं वरचे स्वर मऊ होतात, खर्जास मात्र त्यांचा उपयोग फार थोडा.

शेजाऱ्यांचा प्रश्न येथेंच उभा राहतो, आणि तो आम्हांस पैशांच्या प्रश्नापेक्षां मोठा वाटतो. भिंत वरचा स्वर अडविते आणि खालचा जाऊं देते. शेजारच्या घरांत आपलें गाणें पोंचत नाहीं, पोंचते ती केवळ धडधड. गाणें नाहीं, शब्द नाहीं, नुसता ठोका; आजारी किंवा अभ्यास करणाऱ्या माणसास याहून छळणारें काय असूं शकेल? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. परंतु हीं मापें ज्या पद्धतीनें घेतात ती कानाच्या संवेदनेस धरून असल्यामुळें ५० कंपनांचा ध्वनि प्रत्यक्षाहून ३० डेसिबल कमी मोजला जातो. तात्पर्य, मापकाचा कांटा निर्दोष ठरवील आणि शेजारीण बिचारी डोकें धरून बसलेली असेल. खर्जाच्या बाबतींत कायद्यापेक्षां शेजारधर्माचें माप अधिक बारीक आहे. पेटी नवी आणल्यावर स्वतः शेजारीं जाऊन बसावें व घरच्या मंडळींस ती वाजवावयास सांगावी. ही परीक्षा अर्ध्या तासाची आहे, आणि तीवरून आवाजाचें बटण कोठें थांबवावयाचें तें पक्कें ठरतें.

गणेशोत्सवांत आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून ज्या ध्वनिक्षेपकांच्या भिंती रस्त्यावर येतात, त्यांना लोक ‘डॉल्बी’ म्हणतात. वस्तुतः रे डॉल्बी या अमेरिकन इंजिनिअरानें १९६५ सालीं आपली संस्था काढली ती टेपच्या फितींतील सूं सूं आवाज कमी करण्याची युक्ति घेऊन! आवाज शांत करण्यासाठीं झटणाऱ्या मनुष्याचें नांव आमच्याकडे खिडक्यांच्या कांचा हादरविणाऱ्या यंत्रास चिकटावें, याला काय म्हणावें? ते गृहस्थ २०१३ सालीं वारले. साताऱ्याच्या राजपथावरील मिरवणूक त्यांनीं ऐकली नाहीं, हें एका परीनें बरें झालें.

पेटी जागेवर बसली म्हणजे मागील तीन बटणें लावावयाचीं. पहिलें बटण कोणत्या स्वराखालीं पेटीनें काम करावें तें ठरवितें. तें ८० वर ठेवून सुरुवात करावी, मुख्य कर्णे फारच लहान असतील तर १०० पर्यंत न्यावें. त्याहून वर नेलें कीं खर्ज पेटीच्या कोपऱ्यांतूनच येतो आहे हें कानास कळूं लागतें आणि गवई दोन तुकड्यांत विभागला जातो. दुसरें कलेचें, ० आणि १८० असें. ज्या बाजूस खर्ज भरीव वाटेल ती बाजू ठेवावी, त्यांत शास्त्र शोधीत बसूं नये. तिसरें आवाजाचें. त्यासाठीं धडाकेबाज संगीत लावूं नये. एखाद्या पुरुषाचें साधें भाषण किंवा कीर्तनकाराचें निरूपण लावावें. बोलणारा रांजणांतून बोलतो आहे असें वाटलें तर आवाज जास्त आहे, कमी करावा. मग तंबोरा लावून पेटी एकदां बंद करावी. चालू असतां जिची आठवण होत नाहीं आणि बंद करतांच जिची उणीव भासते, ती नीट लागली असें समजावें.

राहतां राहिली सांगलीकरांची स्वतःची अडचण. खर्जपेटी जमिनीवर ठेवावयाची वस्तु, आणि कृष्णेचें पाणी घरांत आलें म्हणजे पहिलें तेथेंच येतें. २०१९ च्या ऑगस्टमध्यें आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांवर गेलें, जेथें धोक्याची पातळी ४५ ची आहे. २०२१ सालीं पुन्हां तोच प्रसंग आला. या पेट्यांचें अंग बहुधा लांकडाच्या दाबलेल्या भुशाचें असतें. तें एकदां भिजलें कीं फुगतें, सांधे सुटतात, आणि वाळवून कांहींहि उपयोग होत नाहीं. नदीकडच्या भागांत तळमजल्यावर राहणाऱ्यांनीं म्हणून बारा इंची अजस्र पेटीचा मोह धरूं नये. दोन माणसांनीं, आणि जरूर पडल्यास एकट्यानें, जिना चढून वर नेतां येईल एवढ्याच वजनाची घ्यावी, व तिच्या तारा अशा जोडाव्यात कीं अंधारांतहि चटकन् सोडवितां येतील.